नेम आणि अर्थ : बायबलच्या नित्यवाचनाविषयी काही विचार

काचीगुड्यातील जुन्या मराठी घरांत देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात तांबड्या कापडात बांधलेली एक पोथी हमखास असते. कुठे ती ज्ञानेश्वरी असते, कुठे दासबोध, कुठे गुरुचरित्र. घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती स्नान आटोपून ती सोडी, ठरलेला भाग वाची आणि पुन्हा बांधून ठेवी. त्या वाचनाला कोणी वाचन म्हणत नसे, 'नेम' म्हणत. आज बहुतेक घरी पोथी आहे, कापडही आहे. नेम करणारे मात्र एकेक करून निघून गेले. जे थोडे उरले आहेत त्यांच्यात मी स्वतःला धरतो, परंतु ते फारशा अभिमानाने नव्हे. त्याचे कारण सांगितल्यावाचून या लेखाचा विषय नीट ध्यानात येणार नाही.

वडिलांच्या पश्चात दासबोधाचा रोज एक समास वाचण्याचा त्यांचा नेम मी पुढे चालविला. वीस दशक, दोनशे समास; रोज एक वाचला तर साडेसहा महिन्यांत ग्रंथ पूर्ण होतो. अशी कित्येक आवर्तने झाली. एकदा पोथीतील खुणेचा दोरा जागचा सरकला आणि लागोपाठ तीन दिवस मी एकच समास वाचला. चूक ध्यानात आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तीही अर्थामुळे नव्हे, तर पानाच्या कोपऱ्यावरच्या तेलाच्या डागामुळे. तो डाग काल आणि परवाही पाहिला होता, एवढेच आठवले. समासात काय सांगितले होते ते मात्र काही केल्या आठवेना. इतकी वर्षे आपण नेमके काय करीत होतो, हा प्रश्न त्या दिवशी मनात उभा राहिला.

ही हकीकत मी एका ख्रिस्ती स्नेह्यांजवळ बोललो. त्यांचे घराणे मूळचे जालन्याचे. नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणाने १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वसाहत वसविली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या परिसरातून मनमाडच्या गाडीने काचीगुड्याला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांपैकी हे एक. स्नेही रोज पहाटे मराठी बायबल वाचीत. त्यांनी मला एक साधी वही दाखविली. प्रत्येक दिवसापुढे तारीख, वाचलेला अध्याय आणि एक ओळ. पाने उलटता उलटता एक वाक्य वारंवार दिसू लागले : 'आज काही उमगले नाही.' मी विचारले, "उमगले नाही, तर लिहिता कशाला?" ते म्हणाले, "उमगले असे खोटे लिहिण्यापेक्षा बरे. आणि उद्या त्याच पानावर परत यायचे आहे, हे त्यामुळे लक्षात राहते."

त्या वहीने माझ्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. नेम कोरडा झाला, तर तो सोडून देणे प्रामाणिकपणाचे, की चालू ठेवणे? मनात भाव नसताना धर्मग्रंथ उघडणे हा दंभ आहे काय? हा प्रश्न आपल्या पोथीपुढे बसणाऱ्यालाही पडतो आणि बायबलपुढे बसणाऱ्यालाही. येथे मी तो बायबलच्या संदर्भात विचारात घेतो, यास दोन कारणे आहेत. आपल्या घरातील दोष दुसऱ्याच्या घरात अधिक स्पष्ट दिसतात, हे एक. दुसरे असे की, बायबल मराठीत आल्याला चार शतके होऊन गेली आणि या काळात ज्या मराठी माणसांनी ते मनापासून वाचले, त्यांतील काहींनी याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंज दिली. त्यांचा अनुभव केवळ ख्रिस्ती समाजाची मिळकत नाही, तो मराठीचा ठेवा आहे.

यात सर्वांत आधी नाव घ्यावे लागते पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंचे बालपण पोथीवाचनातच गेले, किंबहुना पोथीवाचन हीच त्या कुटुंबाची उपजीविका होती. अनंतशास्त्री डोंगरे पत्नी व मुलांसह तीर्थोतीर्थ हिंडत. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणे वाचीत. ऐकणारे फुले, फळे, दक्षिणा ठेवून जात. वाचलेले संस्कृत बहुतेकांना कळत नसे आणि कळावे अशी अपेक्षाही नसे. शब्द कानावरून गेले की पुण्य लाभते, अशी उभयपक्षी समजूत होती. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण गेली आणि रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात याविषयी जे सांगितले आहे ते मोठे मनोवेधक आहे. त्यांनी ते वाचून पाहिले, पण काही कळेना. भाषा संस्कृत असूनही परिचित वाङ्मयाहून अगदी निराळी, शिकवणही निराळी. असले पुस्तक वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे त्यांना वाटले. तरीही ती प्रत त्यांनी कधी टाकून दिली नाही.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. एकीकडे शब्दांवर पूर्ण प्रभुत्व, परंतु ऐकणाऱ्यापर्यंत अर्थ पोहोचविण्याची गरजच नसलेले वाचन. दुसरीकडे अर्थाचा शोध सुरू झाल्याबरोबर आलेले 'मला हे कळत नाही' असे स्वच्छ भान. नेमाची खरी सुरुवात दुसऱ्या ठिकाणी होते असे मला वाटते. कळत नाही हे कळल्याखेरीज कोणी परत त्या पानाकडे येत नाही. रमाबाई परत आल्या. सिल्चरला पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा बंगाली अनुवाद सापडला आणि ते त्यांनी आवडीने वाचले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त सापडला नाही. म्हणजे ग्रंथ हाती आला, वाचून झाला, त्यावर विचारही झाला, तरी मुख्य गोष्ट बाकीच होती. ही कबुली देणारी स्त्री आठ वर्षे बायबल वाचीत होती. नेम कोरडा वाटतो म्हणून तिने तो मध्येच सोडला असता, तर ही कबुली देण्याची वेळच आली नसती.

नेम आणि अर्थ यांच्यात भाषा उभी असते, हे रमाबाईंच्या आधी अडीचशे वर्षांहून अधिक काळ एका परदेशी माणसाने ओळखले होते. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचा हा ग्रंथ. आपली जुनी पुराणे तर आम्हांस वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी नवे पुराण का देत नाही, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची पृच्छा त्याच्या आरंभीच आली आहे. हा प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्या माणसाला नवा धर्म मिळाला होता, प्रश्नोत्तररूप शिकवणही मिळाली होती. परंतु रोज किंवा दर रविवारी बसून ऐकावे, चालीवर म्हणावे, आठवणीत घोळवावे असे काही मिळाले नव्हते. त्याला नेमासाठी ग्रंथ हवा होता, आणि तो स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या छंदात हवा होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली. छापलेल्या जुन्या प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. तरी ग्रंथ नाहीसा झाला नाही. हस्तलिखितांच्या रूपाने तो घराघरांत राहिला आणि १९०७ मध्ये मंगळुरात पुन्हा छापला गेला. हुकूमनाम्याहून नेम टिकाऊ ठरला, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

हे झाले परंपरेने चाललेल्या वाचनाविषयी. परंतु परंपरा पाठीशी नसताना एकट्या माणसाचा नेम कसा सुरू होतो? रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट येथे आठवते. १८९० च्या दशकाच्या आरंभी टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. काव्याविषयी बोलणे झाले, धर्माविषयी झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि ती वाचा असे सांगितले. ग्रंथाविषयी विशेष ओढ नसताना टिळकांनी वाचण्याचे वचन दिले.  टिळक केवळ वचनासाठी वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर मात्र त्यांना तेथून हलवेना. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातून घरात केवढे वादळ उठले, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना सांगायला नको. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध तितकाच विलक्षण आहे.

टिळकांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काही मत असो. येथे मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या वाचनाची सुरुवात. ती श्रद्धेतून झाली नाही, जिज्ञासेतूनही फारशी झाली नाही. ती दिलेल्या शब्दातून झाली. पहिली काही पाने त्यांनी केवळ शब्द पाळण्यासाठी उलटली असतील, तर त्यास दंभ म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. जे मनात नाही ते असल्याचे दाखविणे म्हणजे दंभ. मनात अजून काही नाही हे मान्य करून बसणे आणि तरीही बसणे, हा दंभाच्या उलट गुण आहे. गवई रोज पहाटे खर्ज लावतो, तेव्हा रोज त्याला राग प्रसन्न होतो असे नाही. रियाझ म्हणजे मैफल नव्हे. परंतु रियाझ न करणाऱ्याच्या मैफलीत राग उतरत नाही, हेही तितकेच खरे. नेमाने अर्थ निर्माण होत नाही. अर्थ येईल त्या दिवशी आपण जागेवर असावे, एवढीच नेमाची कामगिरी, आणि ती लहान नाही.

महात्मा गांधींचा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकतो. लंडनमध्ये शिकत असताना एका शाकाहारी स्नेह्याच्या आग्रहावरून त्यांनी बायबल घेतले आणि पहिल्या पानापासून क्रमाने वाचू लागले. उत्पत्तीचे पुस्तक संपले. पुढचे अध्याय वाचताना त्यांना हटकून झोप येई. केवळ वाचले असे म्हणता यावे म्हणून ते पुढे रेटीत राहिले, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. 'गणना' हे पुस्तक तर त्यांना मुळीच रुचले नाही. नव्या करारापाशी आल्यावर, आणि विशेषतः डोंगरावरील प्रवचनापाशी, सारे पालटले. टिळक आणि गांधी हे दोन अगदी भिन्न प्रकृतीचे वाचक एकाच पानावर थांबले. पण गांधी तेथवर पोहोचले ते कंटाळ्याचे मोठे रान तुडवून. नेमाला नुसता निश्चय पुरत नाही, वाटही नीट निवडावी लागते, हा त्यातला धडा.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात सहासष्ट पुस्तके आहेत, कॅथलिक परंपरेत त्र्याहत्तर. कायदा, इतिहास, वंशावळी, प्रेमकाव्य, सुभाषिते, पत्रे, सर्व एका बांधणीत. सहासष्ट पुस्तकांचे एकूण १,१८९ अध्याय होतात. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात ग्रंथ पूर्ण होतो. स्कॉटलंडमधील डंडी येथील धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचे असे कोष्टक तयार केले. त्यात जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. जगभर आजही ते वापरले जाते. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. जर्मनीतील हर्नहुट येथील मोरेव्हियन मंडळी तर १७३१ पासून दर वर्षी प्रत्येक दिवसासाठी एकेक वचन निवडून छापील पुस्तिका काढीत आली आहे. आपल्याकडील सात दिवसांच्या पारायणाची आठवण व्हावी, असेच हे सारे.

अशा कोष्टकांचा उपयोग निःसंशय आहे. आज काय वाचावे हा रोजचा निर्णय ती आपल्या डोक्यावरून उतरवतात, आणि आपल्याला आवडेल तेवढेच वाचण्याच्या मोहातून सोडवितात. परंतु त्यांत एक धोकाही दडलेला आहे. मोजणी सुरू झाली की मोजणी हेच साध्य होऊन बसते. किती आवर्तने झाली हे सांगता येते, काय बदलले हे सांगता येत नाही. माझ्या दासबोधाचे झाले ते हेच. म्हणून नव्याने आरंभ करणाऱ्याने वर्षाचे कोष्टक न घेता लहान माप घ्यावे, असे माझे मत आहे. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आटोपशीर, अवघ्या सोळा अध्यायांचे. रोज अर्धा अध्याय वाचला तरी महिन्याभरात ते पुरे होते. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस. महिन्याच्या तारखेबरोबर एकेक वाचता येतो. त्यानंतर काही स्तोत्रे, मग लूक, मग उत्पत्ती आणि निर्गम यांतील कथा. लेवीय आणि गणना यांची पाळी सवड आणि संदर्भ हाती असताना यावी.

किती वाचावे याहून कसे वाचावे हे अवघड. बाराव्या शतकातील गिगो या कार्थुशियन मठाधिपतीने धर्मग्रंथवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला सांगितलेल्या श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमाशी त्याचे नाते सहज ध्यानात येते. दोन दूरच्या परंपरांनी एकमेकींना न विचारता एकच अनुभव नोंदविला आहे : डोळ्यांखालून गेलेला शब्द मनात उतरायला वेळ घेतो आणि तो वेळ आपण द्यावा लागतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, भाग लहान असावा, तो एकदा मोठ्याने आणि एकदा मनात वाचावा, पुस्तक मिटून तो स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावा. सांगता आला नाही तर पुन्हा उघडावे. तीन दिवस एकच पान अजाणता वाचणे हा प्रमाद. एकच पान तीन दिवस जाणीवपूर्वक वाचणे हे खरे मनन.

येथवर सर्व सोपे आहे. खरी परीक्षा पुढे येते. धर्मग्रंथात आपल्याला न पटणारी, अस्वस्थ करणारी स्थळे असतात. त्यांचे काय करावे? एकशेसदतिसावे स्तोत्र घ्या. बाबिलोनच्या नद्यांकाठी हद्दपारीत बसलेले लोक आपल्या नगरीच्या आठवणीने रडत आहेत. त्यांची वाद्ये झाडांवर टांगलेली आहेत, आणि परक्या भूमीत आपले गीत कसे गावे, असे ते विचारीत आहेत. हैदराबादसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला हे स्तोत्र आपलेसे वाटल्यावाचून राहात नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. कोणी आपल्याला हद्दपार केले नव्हते, या शहराने प्रेमाने वागविले, तरीही भाषेच्या अंगाने एक पोरकेपण आले ते आलेच. परंतु तेच स्तोत्र अखेरच्या काही ओळींत शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या निर्घृण वधाची इच्छा बोलून दाखविते. वाचणारा दचकतो.

सुभाषिते वेचणारा वाचक स्तोत्र अर्ध्यावर सोडतो. नेमाने वाचणाऱ्याला तशी मुभा नाही. त्याला शेवटची ओळ वाचावी लागते आणि स्वतःला विचारावे लागते : आपुलकीचे दुःख सूडाच्या भाषेत केव्हा बदलते? माझ्या दुःखात तशी ओळ कुठे लपली आहे काय? पूर्ण वाचनाचे नैतिक मोल येथे आहे. सोयीचे वेचून वाचले की ग्रंथ आपला आरसा न राहता आपला भाट होतो. हाच कस आपल्या पोथ्यांनाही लावला पाहिजे. त्यांतही जातीविषयी, स्त्रियांविषयी आज उच्चारताना जीभ अडखळावी अशी स्थळे आहेत. ती गाळून वाचणे सोपे आणि डोळे मिटून मान डोलावणे त्याहून सोपे. तेथे थांबून, 'हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मी सांगू शकतो,' असे म्हणणारा वाचक ग्रंथाचा अपमान करीत नाही; तो ग्रंथाला जिवंत माणसासारखे वागवितो. बायबलच्या संपादकांनी ईयोबाचे देवाशी भांडण आणि उपदेशकाची सारे व्यर्थ असल्याची खंत ग्रंथाबाहेर टाकली नाही, यावरून प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला त्या ग्रंथातच जागा आहे असे दिसते.

रमाबाईंनी ती जागा घेतली. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी निर्भयपणे वाद घालतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविली, ती दुसऱ्याच्या जोखडात देण्यास आपण तयार नाही, हा त्यांचा पवित्रा. बायबल वाचायचे ते स्वतःच्या विवेकाने, असा त्यांचा निर्धार होता. आणि या स्वतंत्र वाचनाने त्या एकलकोंड्या झाल्या नाहीत. दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले, आणि या मुलींना समजेल अशा मराठीत बायबल नाही हे पाहून उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलचा अनुवाद हाती घेतला. मराठीत बायबल तोवर नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार १८११ मध्ये निघाला होता आणि संपूर्ण बायबल १८४७ पर्यंत झाले होते. पण त्या भाषेतील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रीच्या कानावरून तसेच निघून जातात, जसे लहानपणी घाटावर त्यांच्या वडिलांनी वाचलेले शब्द श्रोत्यांच्या कानावरून जात. ज्या मुलीने न कळणाऱ्या वाचनावर पोट भरले होते, तिने उत्तरायुष्य कळणाऱ्या वाचनासाठी वेचले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातांनी जुळविलेले ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचनाचा कस शेवटी आचरणात लागतो तो असा.

ही धारा पुढेही वाहत राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आजच्या मराठीत 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ते संमेलन भरले होते एके काळच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद येथे, ज्याला आता धाराशिव म्हणतात. २०२४ मध्ये ते गेले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत कोणी ना कोणी त्याच ग्रंथाची मराठी पुन्हा घासून पुसून घेतली, कारण कळेनासा झालेला ग्रंथ पूजेत राहतो, वाचनात राहत नाही.

हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याच घरातील तांबडे कापड आहे. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, तेलुगू आणि हिंदी सफाईने बोलतात. मराठी त्यांना समजते, पण जुन्या ओवीची मराठी समजत नाही. त्यांनी पोथी वाचली नाही म्हणून आपण हळहळतो. परंतु त्यांना आपण नेम दाखविला, अर्थ दाखविला नाही, हे कबूल करण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सहकैद्यांना उलगडून सांगितले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. आठवड्यातून एकदा, चारचौघांत, बोलीच्या भाषेत. त्यातून 'गीता प्रवचने' उभी राहिली. आपल्या घरी रविवारी सकाळी अर्धा तास एवढे होऊ शकणार नाही असे नाही. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने सांगावे, तिसऱ्याने शंका काढावी. ग्रंथ कोणता हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न.

आता पुन्हा स्नेह्यांच्या वहीकडे. त्या वहीत काही तारखा कोऱ्या होत्या. आजारपण, प्रवास, कधी नुसता आळस. "चुकलेल्या दिवसाचे वाचन दुसऱ्या दिवशी भरून काढता का?" असे मी विचारले. ते म्हणाले, "नाही. गेलेला दिवस दुप्पट वाचून परत येत नाही. कर्ज फेडल्यासारखे वाचायला बसलो, तर पुढच्या आठवड्यात बसणेच बंद होईल. कोरी तारीख कोरीच ठेवतो." नेमाच्या शिस्तीत क्षमेला एवढी जागा ठेवली तरच नेम टिकतो, हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळाले.

दासबोधाचा माझा नेम मी सोडलेला नाही. मात्र आता रोज एक समास पुरा करण्याचा हट्ट नाही, आणि शेजारी एक वही आहे. स्नेह्यांच्या सल्ल्यावरून आरंभिलेले मार्कचे शुभवर्तमानही संध्याकाळी थोडे थोडे वाचतो. दोन्हीकडच्या पानांवर 'आज काही उमगले नाही' हे वाक्य बऱ्याचदा लिहावे लागते. पूर्वीही बहुतेक दिवशी काही उमगत नव्हते. फरक एवढाच की, तेव्हा ते मला ठाऊक नव्हते.